घर बंद करून जाताना पाण्याची काळजी





हिवाळा लागला की शाळेच्या कार्यालयात दोन प्रकारचे अर्ज येऊ लागतात. "काका-काकू अमेरिकेहून येत आहेत, तरी चार दिवसांची रजा मिळावी" हा एक, आणि "आजी-आजोबांना मुंबईच्या विमानतळावर पोचवायचे आहे" हा दुसरा. दोन्ही अर्जांचा अर्थ एकच. कुठेतरी कुणीतरी घराला कुलूप लावून महिना-दोन महिन्यांसाठी निघाले आहे. कुलूप आपण तीनदा ओढून पाहतो. गॅस बंद केला का, हे रिक्षात बसल्यावरही एकमेकांना विचारतो. पाण्याचे मात्र कुणी विचारत नाही. या अंकात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत, कारण हे प्रकरण आमच्या घरीच घडून गेले आहे.

२०२२ च्या डिसेंबरात आमची भाची, तिचे यजमान आणि दोन मुले न्यू जर्सीहून इंदूरला आली होती. आमच्या मातोश्रींना ऐंशी वर्षे पूर्ण झाली, त्यानिमित्त घरगुती समारंभ होता. निघताना त्यांनी घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचा काटा ५० फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या १० अंशांवर आणून ठेवला. घरात कुणी नाही, मग गॅस कशाला जाळायचा, हा विचार. आपणही हेच केले असते.

त्या वर्षी नाताळाच्या दोन दिवस आधी अमेरिकेच्या मोठ्या भागात थंडीची भयंकर लाट आली. बफेलो शहरात हिमवादळाने कित्येकांचे प्राण घेतले. न्यू जर्सीत एका दिवसात पारा इतका उतरला की पहाटे तो शून्याच्याही दहा अंशांहून खाली होता. आम्ही इथे टीव्हीवर ही बातमी पाहिली आणि "बरे झाले, तुम्ही इथे आहात" असे म्हणून पुरणपोळीच्या पंगतीला बसलो.

२८ तारखेला रात्री साडेनऊच्या सुमारास सगळी मंडळी सराफ्यात जायला निघाली होती. मुलांना गराडू खायचे होते. तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. तिकडे सकाळचे अकरा वाजले होते. शेजारीण बोलत होती. गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहते आहे आणि पार रस्त्यापर्यंत आले आहे, असे तिचे म्हणणे. तिच्याकडे घराची किल्ली होती, हे आमचे नशीब. ती आत गेली आणि फोनवर विचारू लागली, "पाणी बंद करायचा कॉक कुठे आहे, ते सांगा."

आमच्या जावईबापूंना ते ठाऊक नव्हते. त्या घरात आठ वर्षे राहिलेले गृहस्थ, शिक्षणाने इंजिनिअर. पण ती वेळ कधी आलीच नव्हती. एकदा म्हणाले तळघरात, एकदा म्हणाले गॅरेजमध्ये. शेवटी तळघरातल्या जुन्या खोक्यांच्या मागे तो सापडला. शोधण्यात चाळीस मिनिटे गेली. तोवर स्वयंपाकघराची जमीन फुगली होती, खालचे छत कोसळले होते आणि तळघरात घोटाभर पाणी होते. खोक्यांमध्ये लग्नाचे अल्बम होते. मातोश्रींनी नातीला सासरी जाताना स्वहस्ते लिहून दिलेली पाककृतींची वहीही तिथेच होती. शाईची अक्षरे सगळी वाहून गेली. मातोश्री एवढेच म्हणाल्या, "मी आहे ना अजून, पुन्हा लिहून देते." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा पुसून खरोखरच लिहायला बसल्या.

आता हे घडले कसे, ते विद्यार्थ्यांसाठी थोडे सविस्तर सांगतो.

बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणीही ४ अंशांपर्यंत आकसते. त्याखाली मात्र ते उलटे वागते, आणि बर्फ होताना तर सुमारे ९ टक्के फुगते. म्हणजे शंभर पेले पाण्याचा जवळजवळ एकशे नऊ पेले बर्फ होतो. याच गुणामुळे बर्फ तरंगतो आणि थंड देशांतल्या तळ्यांत वर बर्फाचा थर असला तरी खाली मासे जिवंत राहतात. घरी पाहायचे असेल तर प्लॅस्टिकची बाटली काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवावी. काचेची बाटली घेऊ नये. सकाळी बाटलीचे पोट पुढे आलेले दिसेल.

पण नळ फुटतो तो फक्त बर्फाच्या फुगण्याने, असे समजणे अपुरे आहे. आम्हालाही हे नंतर वाचूनच कळले. नळात बर्फ धरू लागला की त्याचा बोळा बसतो. हा बोळा वाढत जातो आणि पुढचे पाणी बंद तोटीच्या दिशेने दाबत राहतो. पाणी दाबले जात नाही, तोटी बंद आहे, जायला वाट नाही. बोळा आणि तोटी यांच्यामधल्या त्या थोड्याशा पाण्याचा दाब इतका चढतो की तांब्याची नळीही उकलते. त्यामुळे पुष्कळदा नळ बर्फाच्या जागी फुटत नाही, त्याच्या पुढे फुटतो. थंड देशातली माणसे कडाक्याच्या रात्री तोटी थेंब-थेंब ठिबकत का ठेवतात, याचे कारणही यातच आहे. वाहते पाणी गोठत नाही असे लोक म्हणतात, ते अर्धेच खरे. ठिबकणाऱ्या तोटीतून दाबाला वाट मिळते, हा तिचा मोठा उपयोग.

आणखी एक गोष्ट. गोठलेला नळ फुटला तरी लगेच पाणी येत नाही, कारण बर्फाचा बोळाच बुचासारखा बसलेला असतो. ऊन पडून बर्फ वितळला की मग धार सुटते. म्हणूनच थंडी २३-२४ तारखेची आणि पूर २८ तारखेचा. मधले चार दिवस आम्ही निर्धास्त होतो.

नळ शून्य अंशाला गोठतो का? घराच्या भिंतीत तसे होत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात यावर प्रयोग झाले. बाहेरचे तापमान २० फॅरनहाइट, म्हणजे उणे सातच्या आसपास उतरले, की नीट न झाकलेल्या नळांना धोका सुरू होतो, असे त्यांत आढळले. भिंतीतल्या फटीतून वारा येत असेल तर त्याच्याही आधी. भाचीच्या स्वयंपाकघरातली नळी उत्तरेकडच्या बाहेरच्या भिंतीतून गेलेली होती, आणि पुढे कपाटाचे दार बंद. खोलीत १० अंश होते खरे, पण दाराआड, भिंतीच्या पोकळीत ती ऊब पोचलीच नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत, त्या पालकांनी आणि आजी-आजोबांनी पुढचा मजकूर कापून फ्रीजवर लावला तरी चालेल. थंडीत घर सोडताना यंत्राचा काटा ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ अंशांच्या खाली आणू नये. सिंकखालच्या कपाटांची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीची ऊब नळीपर्यंत जाते. बागेतल्या तोटीला लावलेली रबरी नळी दिवाळीच्या सुमारासच काढून ठेवावी. तिच्यात साठलेले पाणी गोठून आतल्या तोटीला फोडते. हे सगळे करूनही वीज गेली किंवा यंत्र बंद पडले तर काय? २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये तेच झाले. ४५ लाखांहून अधिक घरे-दुकाने वीज नसल्यामुळे गारठली, राज्याच्या नोंदीप्रमाणे २४६ माणसे दगावली, आणि असंख्य घरांत माळ्यावरून नेलेले नळ फुटले. तिथली घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली, त्यामुळे नळांना पांघरूण नव्हते.

म्हणून खरा उपाय एकच: मुख्य कॉक बंद करायचा आणि नळ रिकामे करायचे. नळात पाणीच नसेल तर गोठणार काय? आधी कॉक बंद करावा. मग घरातली सर्वांत वरची आणि सर्वांत खालची तोटी उघडावी. वरून हवा शिरते आणि खालून पाणी निघून जाते. नुसती खालची उघडली तर पाणी अडून राहते. (तोंडात स्ट्रॉ धरून वरून बोट ठेवले की सरबत खाली पडत नाही, तेच हे.) शौचालयाच्या टाक्या ओढून रिकाम्या कराव्यात. पाणी तापवणाऱ्या टाकीचा गॅस किंवा वीज आधी बंद करावी, रिकामी टाकी तापू देऊ नये. सिंकखाली जो वाकडा नळ असतो त्यात थोडे पाणी राहतेच. घर अजिबात गरम ठेवायचे नसेल तर त्यात गोठू न देणारे द्रव ओततात. ते घरगुती नळांसाठी मिळते तेच घ्यावे. मोटारगाडीत घालतात ते विषारी असते. ज्या घरांत गरम पाणी फिरवून खोल्या तापवतात, किंवा आग विझवण्याचे फवारे छताला असतात, तिथे मात्र आपल्या मनाने काही करू नये, जाणकाराला बोलवावे.

आणि शेजाऱ्याला किल्लीबरोबर कॉकही दाखवून ठेवावा. दर दोन-तीन दिवसांनी त्यांनी आत एक चक्कर मारावी. विमा कंपनीचा पहिला प्रश्नही हाच होता, की घर गरम ठेवले होते का, नाहीतर पाणी बंद केले होते का. तिकडच्या बहुतेक विम्यांत ही अट असते.

गोठलेला नळ सापडला आणि फुटलेला नसला तर तोटी उघडून, केस वाळवायच्या यंत्राने तोटीकडून सुरुवात करून मागे-मागे ऊब द्यावी. मेणबत्ती, गॅसची शेगडी, जळता बोळा यांपैकी काही नळाजवळ नेऊ नये. त्यामुळे घरे जळाली आहेत.

आमच्या कचेरीत कुणीतरी म्हणाले, "सर, इंदुरात याचा काय उपयोग?" प्रश्न योग्य आहे. श्रीनगरला २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस जो कडाका असतो, ज्याला तिथे चिल्लई कलान म्हणतात, त्यात सकाळी नळ गोठणे हे नेहमीचेच. ज्या मुलांचे वडील महूहून बदली होऊन लडाखला गेले आहेत, त्यांनी घरी पत्र लिहून विचारावे, तिथल्या पाण्याच्या गमती कळतील. पण माळव्यात नळ गोठत नाहीत. आमच्याकडे गोठते ते शेतातले दंव. त्याला इथे 'पाला' म्हणतात. आम्ही हिंदी माध्यमात शिकलेले, त्यामुळे लहानपणी पुण्याच्या मामांना मोठ्या दुःखाने सांगितले होते, "हरभऱ्यावर पाला पडला." मामा म्हणाले, "मग झाडून टाका." मराठीत पाला म्हणजे झाडाची पाने, हे तेव्हा आम्हाला कुठे ठाऊक! तर ज्या रात्री पाला पडायची भीती असते, त्या रात्री माळव्यातला शेतकरी पिकाला पाणी देतो. विहिरीतून आलेले पाणी हवेपेक्षा उबदार असते आणि ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. तिकडे थंडीपासून वाचायला नळातले पाणी काढून टाकतात आणि इथे शेतात पाणी सोडतात. दोन्ही बरोबर आहे.

इंदूरच्या घरात पाणी गोठत नाही, पण बंद घरात ते दुसरे उद्योग करते. आपले पाणी येते नर्मदेचे. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि पाचशे मीटरहून अधिक चढ चढून ते १९७८ पासून शहरात येत आहे. त्यासाठी १९७० मध्ये इंदूरकरांनी मोठे आंदोलन केले होते; आपल्यापैकी काही आजोबा त्या मिरवणुकांत होते. विंध्य ओलांडून आलेले ते पाणी गच्चीवरून गटारात गेलेले पाहिले की जीव तुटतो. कारण बहुधा एकच असते. टाकीतल्या तरंगत्या गोळ्याचा वॉल्व्ह अडकतो, घरात कुणी नसते, आणि नळ आला की टाकी भरून वाहत राहते.

आपली एक जमेची बाजू आहे, तीही सांगतो. आपल्याकडे नळ ठरावीक वेळी येतो. त्यामुळे घरातली नळी फुटली तरी गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी झाली की प्रकरण थांबते, अर्थात मोटर आपोआप चालू होणारी नसेल तर. अमेरिकेत चोवीस तास दाबाने पाणी येते. मिनिटाला १५ लिटर धरले तर ताशी ९०० आणि दिवसाला २१,६०० लिटर. सातवीच्या मुलांनी गुणाकार तपासून पाहावा. म्हणजे आपल्या एकवीस टाक्यांहून जास्त पाणी एका दिवसात घरात.

तेव्हा इंदुरातून निघताना रस्त्याकडून येणारा मुख्य कॉक बंद करावा, मोटर आणि गीजर यांचे बटण नुसते न दाबता बोर्डावरचा त्यांचा खटका पाडावा, आणि टाकीखालचा कॉकही फिरवावा. कॉक दोन तऱ्हेचे असतात. गोल चाकाचा घड्याळाच्या दिशेने फिरवला की बंद होतो. दांडीचा असेल तर दांडी नळीला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. वर्षानुवर्षे न फिरवलेले कॉक जाम होतात, म्हणून निघायच्या दिवशी नव्हे, आठ दिवस आधी फिरवून पाहावेत. प्लंबरला यायलाही तेवढे दिवस लागतात. खिडकीतला कूलर रिकामा करून पुसून ठेवावा. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, आणि त्याची अंडी कोरड्या भांड्यालाही महिनोन् महिने चिकटून राहतात, म्हणून पुसणे महत्त्वाचे. मोरीच्या जाळीखाली जे पाणी असते ते महिन्याभरात आटते आणि मग गटाराचा वास आणि झुरळे घरात येतात. निघताना त्यात पेलाभर पाणी आणि वर दोन चमचे खाद्यतेल ओतावे. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही. ही आमच्या मातोश्रींची युक्ती.

आता विश्वस्त मंडळींसाठी दोन शब्द. शाळाही दिवाळीत आणि उन्हाळ्यात बंद असतेच. काही वर्षांपूर्वी एका दिवाळीच्या सुट्टीत गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह अडकला आणि पाणी सहा दिवस गच्चीवर साचत राहिले. खाली ग्रंथालय आहे. छताला ओल येऊन मराठीची दोन कपाटे भिजली. शाळेच्या पहिल्या पिढीने पुण्या-मुंबईहून मागवलेली पुस्तके होती ती. इंदुरात ती पुन्हा मिळणे कठीण. पाने पंख्याखाली वाळवायला आठवी-नववीच्या मुलांनी आठवडाभर मदत केली, तरी निम्मी रद्दीतच गेली. त्यात आमची चूक होती. सुट्टीपूर्वी आम्ही सगळ्या वर्गांची कुलपे पाहिली, गच्चीवर गेलो नाही.

ग्रंथालयाच्या वरची टाकी दक्षिणेकडच्या जिन्यावर हलवावी, अशी विनंती कार्यकारिणीला आम्ही लेखी केली आहे. खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. तोपर्यंत शाळेच्या मुख्य कॉकला लाल रंग दिला आहे. तो मागच्या अंगणात, मोगऱ्याच्या वाफ्याशेजारी, लोखंडी झाकणाखाली आहे. येत्या शनिवारी मधल्या सुट्टीत पाचवी ते सातवीच्या मुलांना तो दाखवण्यात येईल, आणि प्रत्येकाला एकदा फिरवूही देण्यात येईल. त्या दिवशी रात्री प्रत्येक मुलाने आपल्या घरचा कॉक शोधून त्याची जागा वहीत लिहून आणावी. न सापडल्यास आई-बाबांना विचारावे. त्यांनाही ठाऊक नसल्यास तसे लिहावे, गुण कापले जाणार नाहीत.

भाची या डिसेंबरात पुन्हा येते आहे. परवा फोनवर मातोश्रींनी तिला तळघरात उभे केले आणि विचारले, "दांडी आडवी झाली का?" ती म्हणाली, "आजी, अजून निघायला दोन आठवडे आहेत." मातोश्री म्हणाल्या, "फिरते का, ते तर पाहा."